आमच्या वाट्याची भिंत

आमच्या गावच्या चर्चची भिंत घराघरांत वाटलेली होती. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण उत्तरेकडच्या दुसऱ्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंतचा तुकडा आमचा, हे गावात कुणीही सांगितलं असतं. पाऊस उघडला की चर्चच्या सणाआधी ज्याने त्याने आपल्या तुकड्याला चुना लावायचा. लग्न होऊन आलेल्या सुनेला आधी आत नेऊन वेदी दाखवत, मग बाहेर आणून भिंत. माझ्या बायकोला वडिलांनी आमचा तुकडा दाखवला तेव्हा ती हसली होती. पुढच्याच सणाला पदर खोचून तीही चुना लावायला उभी राहिली.

चर्च तसं लहानच. मुरुडकडे जाणाऱ्या एसटीतून नारळांच्या आड त्याचा घंटेचा मनोरा तेवढा दिसायचा. शेजारच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिपायांसाठी बांधलं म्हणतात. कधी, ते सांगणारा दगड दारावर आहे, पण त्याची अक्षरं चुन्याच्या थरांखाली बुजली आणि खरवडायचा धीर कुणाला झाला नाही. शिपाई गेले, आम्ही राहिलो. भिंती काळ्या दगडाच्या, तीन हात जाड. खिडक्यांच्या कोनाड्यात दोन माणसं आरामात बसतील. काचांच्या जागी शिंपल्यांची पातळ तावदानं, त्यांतून दुपारी दुधासारखा उजेड यायचा. वेदीवर लाकडात द्राक्षांचे वेल कोरलेत. कोरणाऱ्याने द्राक्षं कधी पाहिली नसावीत, कारण घोसांना सुपाऱ्या लागल्यासारख्या दिसतात. मला ते वेल फार आवडायचे.

चुना आम्ही खाडीतल्या शिंपल्यांचा करायचो. शिंपल्या नारळाच्या सोडणांच्या आगीत भाजायच्या, खड्ड्यात पाणी घालून विरवायच्या, गाळायच्या. केतकीची मुळी ठेचून कुंचा. आठवडा मोडायचा आणि हाताची सालटं निघायची. मी सरकारी बांधकाम खात्यात लागलो, गावोगाव पूल आणि शाळा बांधत फिरलो, आणि दर सणाला हे चाललेलं बघून माझं डोकं फिरायचं. दरवर्षी पावसाने धुऊन जाणारी गोष्ट दरवर्षी लावत बसायची, हा कुठला शहाणपणा?

मग ते मोठं वादळ आलं. कौलं उडाली, चुन्याचा गिलावा भिजून जागोजागी गळाला. मी नुकताच निवृत्त होऊन गावी परतलो होतो. रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मला ते गोड लागलं, हे कबूल करतो. मी उभं राहून सांगितलं, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग. पोरं मुंबईत आहेत, शिंपल्या कोण भाजणार? एकदाच करा आणि सुटा.

एकट्या वडिलांनी विरोध केला. तेव्हा ते काठी टेकत चालायचे.

"सिमिट नको रे. भिंत पावसात पानी पिते, उन्हात टाकते. तू तिचं तोंडच बांदतोस. आतल्या आत सडंल ती."

"मी पूल बांधलेत," मी चारचौघांत म्हणालो. "मला भिंत शिकवू नका."

ते काठी उचलून बाहेर निघून गेले. त्या निघून जाण्याचा मला राग आला होता, एवढंच आठवतं.

भिंती गुळगुळीत झाल्या. पिवळसर रंग, खाली तपकिरी पट्टा. मुंबईची मंडळी फोटो काढून खूश. सणाच्या सकाळी मी लवकर गेलो तर वडील आमच्या तुकड्यापाशी. बादलीत चुना, हातात केतकीचा कुंचा. शिंपल्या त्यांनी एकट्यानेच भाजल्या होत्या, मला पत्ता नव्हता. चुना प्लास्टिक रंगावर टिकेना. ते लावत होते आणि तो ओघळत होता. मी त्यांना घरी पाठवलं आणि लोक यायच्या आत ओल्या फडक्याने भिंत पुसून काढली. मला लाज वाटली होती. त्यांची.

पुढचा सण त्यांनी पाहिला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाला फोड आले. बोटाने फोडला की आतून खारट पांढरी भुकटी. भिंतीवर टकटक केलं की पोकळ वाजायचं. मला तेव्हाच कळलं. बांधकामात जन्म घालवलेल्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? कौलांतून झिरपलेलं, जमिनीतून चढलेलं पाणी आत कोंडलं होतं, दगडांमधला जुना चुना भिजून माती होत होता. मी कुणाला बोललो नाही. फोड खरवडून वर पुन्हा रंग दिला. दोनदा दिला. यंदा श्रावणात उत्तरेची भिंत दुसऱ्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत बसली. सिमेंटचा पापुद्रा सुटून अखंड पडला, आतले दगड मात्र विखुरले. वेदीच्या लाकडात पाणी शिरलंय, सुपाऱ्यांचे घोस हाताने चुरतात.

आता सगळंच पाडायचं ठरलंय. परवानगीसाठी इंजिनिअरचा दाखला लागतो. गावात इंजिनिअर मीच, म्हणून नवे फादर कागद घेऊन घरी आले. तरुण आहेत, बाहेरगावचे, त्यांना जुनं काही ठाऊक नाही. मी मापं लिहिली, भेगा लिहिल्या, "वापरास धोकादायक" असं लिहिलं. त्याखाली एक रकाना होता, कारण. तिथे पेन थांबलं. दोन ओळींची जागा होती, खरं लिहायला पुरली असती. वडिलांचा कुंचा समोर खुंटीला तसाच आहे. मी लिहिलं, "इमारत अतिशय जुनी." आणि सही केली.

फादरनी कागद वाचलाही नाही. घडी घालून खिशात ठेवला.

"अंकल, नव्या चर्चचा नकाशाही तुम्हीच काढायचा," ते म्हणाले. "गावाचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही."

मी हो म्हणालो.