हवा वाढवू?

माझी पोरगी सातव्या महिन्यातच जन्माला आली. नव्वदच्या सुमाराला, धुळ्याच्या एका दवाखान्यात. काचेच्या पेटीत ठेवलेली ओंजळभर पोर आणि नाकाशी प्राणवायूची नळी. रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र तिथे नव्हतं. ओठ निळे पडले की हवा वाढवायची, गुलाबी झाले की कमी करायची. ते ओठ बघत बसायचं काम माझं. बघून बघून मला सगळंच निळं दिसायला लागायचं.

सासरे सोनगीरहून रोज यायचे आणि सगळी हवा सोडा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागायचे, "साहेब, बठ्ठी हवा सोडा ना! पोर निळी पडी ऱ्हायनी."

एकदा डॉक्टर चिडलेच. "आबा, हवासुद्धा बाधते," ते म्हणाले. प्राणवायूपासून शरीरात काही उपद्रवी कण तयार होतात, त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. त्यांना आवरायची ताकद बाळात शेवटच्या महिन्यांत येते. हिला ते महिने मिळालेच नाहीत. डोळ्यांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून वाढताहेत, त्या हे कण बिघडवतात. "आपण म्हातारे होतो, त्यातही यांचाच हात असतो म्हणतात."

मला असा संताप आला! जिला अजून धड रडता येत नाही, तिच्या उशाशी म्हातारपणाच्या गोष्टी कसल्या करता?

मग एका दुपारी ओठच काय, अख्खी पोरगी निळी पडली. नवरा दीपनगरला कामावर होता, आबा अजून यायचे होते. डॉक्टर धावत आले. प्राणवायूच्या चावीवर हात ठेवून म्हणाले, "बरीच वाढवावी लागेल. जीव वाचेल, डोळ्यांचं सांगता येत नाही. वाढवू?"

"वाढवा!" मी ओरडले. "वाढवा, काय बघताय?"

पोरगी जगली. पुढे जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मान हलवली. दोन्ही पडदे सुटले होते. मी तिथेच फरशीवर बसून गळा काढला. पोरगी माझ्या आवाजाच्या दिशेनं हसत होती.

मोठी झाल्यावर तिनं हे सगळं एकदा माझ्याकडून काढून घेतलं. मग विचारलं, "आई, आज विचारलं असतं तर?"

"तेच म्हणाले असते," मी म्हणाले.

तिला ते बरोबर वाटलं की चूक, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.