सुतळीबाई आणि माझी टाच

माझी टाच दुसऱ्यांदा उसवली ती माझ्या चुकीने, आणि मी नाव सांगितलं सुतळीबाईंचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविषयी मी इतकं प्रेमाने लिहिणार आहे की वाचणाऱ्याचा माझ्याबद्दल गैरसमज व्हायचा. मी तेव्हा खरं बोललो असतो तर त्या आजही बिबवेवाडीतच असत्या.

सुतळीबाई म्हणजे आमच्या फिजिओथेरपिस्ट. बिबवेवाडीत एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचं क्लिनिक होतं. पायाचे पेशंट जिना चढून यावेत अशी जागा निवडणाऱ्या मालकाच्या बुद्धीचं मला कायम कौतुक वाटत आलं आहे. बाईंचं वय पस्तिशीचं, आवाज खणखणीत, आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात हातभर सुतळी. भाजीच्या पोत्यांची असते ती, साधी, तागाची. पेशंट खाटेवर बसला की सुतळी बाहेर निघायची. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. जिना उतरलो की सुतळीबाई.

मी गेलो तो सोसायटीतल्या बॅडमिंटनची जखम घेऊन. पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या तरुण पोराचा फटका परतवायला गेलो आणि पोटरीखाली कुणीतरी लाथ मारल्यासारखं झालं. मागे वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. टाचेच्या वरचा दोर तुटला होता. सर्जननी तो शिवला, काही आठवड्यांनी पायाला मोठा बूट चढवला आणि मला या जिन्याशी आणून सोडलं.

“हे काय आहे, काका?” बाईंनी सुतळी माझ्यासमोर धरली.

काका म्हटल्याचं दुःख गिळून मी म्हणालो, “सुतळी.”

“तुमची टाचसुद्धा हीच आहे.” त्यांनी सुतळीचं टोक उलगडून पेड सुटे केले. “शरीरात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचा एकेक धागा तीन पदरी वेणीसारखा वळलेला. असे धागे शेजारी शेजारी झोपले की दोर होतो. तो तुम्ही तोडलात. सर्जननी टाके घातले, पण टाके फक्त टोकं जवळ धरून ठेवतात. विणायचं काम तुमचं शरीर करणार, सावकाश. आणि घाई तुम्ही करणार, ते आत्ताच दिसतंय चेहऱ्यावर.”

बाई कोलॅजनच्या प्रकारांनी माणसं ओळखायच्या. म्हणायच्या, प्रकार वीस-पंचवीसच्या वर आहेत, पण मला चार सांभाळले की बास. एक नंबर म्हणजे दोर: हाडं, कातडी, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. “हाडात हा नसता तर हाड खडूसारखं मोडलं असतं,” असं म्हणून त्या समोरच्याच्या नडगीवर टिचकी मारायच्या. दोन नंबर म्हणजे सांध्यातली गादी, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तीन नंबर बारीक, लवचिक, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असणारा, आणि कुठे काही फाटलं की धावत येणारा. चार नंबरचा दोर होतच नाही, त्याची जाळी होते. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं ते तिच्यातून. “चहाच्या गाळणीतलं फडकं समजा. पण तो पेशंट माझ्याकडे येत नाही.”

माझ्या शेजारच्या खाटेवर गुडघे झिजलेले एक आजोबा असायचे, निवृत्त शिक्षक. त्यांना बाई ‘दोन नंबर आजोबा’ म्हणायच्या. आजोबा एकदा मला म्हणाले, “चाळीस वर्षं सरळमार्गी नोकरी केली, आणि म्हातारपणी इथे येऊन दोन नंबरचा झालो.” बाई पलीकडून म्हणाल्या, “झिजलेली गादी परत भरत नाही, आजोबा, पण मांडीचे स्नायू कामाला लावले तर तिच्यावरचं ओझं कमी होतं. तेव्हा बोलताना पाय उचला.” ही त्यांची पद्धतच होती. क्लिनिकमध्ये गप्पांना बंदी नव्हती. बोलताना काहीतरी उचलावं लागायचं, एवढंच.

एकदा मी कोलॅजनच्या पावडरीचा डबा घेऊन गेलो. डब्यावर एक गुळगुळीत चेहऱ्याची बाई हसत होती. सुतळीबाईंनी डबा फिरवून फिरवून वाचला.

“घ्या हवं तर. विष नाही. पण पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात. ते टाचेलाच जावेत असा पत्ता काही त्यांच्यावर लिहिलेला नसतो.”

“मग काय घेऊ?”

“डाळ, अंडी. वर पेरू नाहीतर आवळा, कारण क जीवनसत्त्व नसेल तर वेणी घट्ट बसत नाही. आणि धीर. तो मात्र डब्यात मिळत नाही.”

आमच्याशी त्या छापील मराठीत बोलायच्या, पण हडपसरहून वडिलांचा फोन आला की भाषा पायातली चप्पल काढून बसायची. “आण्णा, म्या सांगितलं ना, गुडघा धरलाय तर पोतं उचलायचं न्हाई. हाय का कुणी तिथं ऐकणारं?” फोन ठेवून आमच्याकडे वळायच्या, “हं, आपण कुठे होतो?” सुतळी त्या आण्णांच्याच पोत्यांची होती.

टाच सुधारत गेली. बुटात टाचेखाली घातलेल्या पाचरी एकेक करून निघाल्या, बूटही सुटला. एके दिवशी मी ऐटीत म्हणालो, “मॅडम, आता अजिबात दुखत नाही.”

त्यांचा चेहरा उजळण्याऐवजी पडला. “आता खरी भीती. दुखणं आधी जातं, ताकद फार मागून येते. तुमच्या टाचेत सध्या तीन नंबर बराच आहे. तो घाईघाईने भरलेला असतो, धागे बारीक आणि वाटेल तसे आडवेतिडवे. हळूहळू त्याची जागा एक नंबर घेतो. रोज थोडा ताण दिला की धाग्यांना कळतं कुठल्या दिशेने झोपायचं. पण जास्त दिलात तर तुटतील.” मग त्यांनी परीक्षा सांगून ठेवली. “फक्त दुखावलेल्या पायावर उभं राहून टाच उचलता आली की तुम्ही सुटलात. तोवर ढोल नाही.”

ढोलाचं सांगायला हवं. मी एका ढोलपथकात आहे, सर्वांत जुना वादक. गणपती तोंडावर आले होते. मी आडून आडून विचारलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं, “चामड्याचा आहे का ढोल?” म्हटलं, आता बहुतेकांना फायबरचं पान असतं, पण माझा जुना आहे, चामड्याचाच. “ते चामडं म्हणजेही एक नंबर. पण ते मेलेलं आहे, म्हणून दोरी आवळली की ताणलं जातं. तुमची टाच जिवंत आहे. तिला आवळून चालत नाही.”

हे सगळं ऐकून, समजून, मान डोलावून मी विसर्जनाच्या मिरवणुकीत कमरेला ढोल बांधला. सकाळी क्लिनिकमध्ये शहाण्यासारखा व्यायाम केला आणि दुपारी बायकोला, मेधाला, सांगितलं की पथकाबरोबर नुसता बसून येतो. पहिल्या चौकापर्यंतच वाजवायचं ठरवलं होतं. चौक आला तेव्हा ताल असा काही लागला होता की मी पुढच्या चौकाचं ठरवलं. तिथे पोचलो नाही. पाय आपटला आणि टाचेत काहीतरी उसवलं.

दुसऱ्या दिवशी सर्जननी विचारलं, “काय केलंत?” मेधा शेजारी बसली होती. मी म्हणालो, “काल व्यायाम करताना मॅडमनी जरा जास्तच ताणलं.” वाक्य किती सहज आलं याचं आजही मला नवल वाटतं. सर्जननी तिथूनच क्लिनिकच्या मालकांना फोन लावला.

दोनच दिवसांनी परत बूट, परत तो जिना. बाईंनी मला पालथं झोपवलं, टाच पाहिली, मग कंबर बघते म्हणून शर्ट जरा वर सरकवला. क्षणभर थांबल्या आणि शर्ट खाली केला. मेधा तोवर बोलायला लागली होती. “तुमच्या भरवशावर माणूस सोडला होता आम्ही. लोकांच्या पायांवर प्रयोग करता का?” सगळे पेशंट ऐकत होते. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी उशीत तोंड घातलं. दुखतंय असं मेधाला वाटलं.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. पाय घरी बसून बरा केला, अर्धवट. बऱ्याच महिन्यांनी मंडईत दोन नंबर आजोबा भेटले.

“मॅडमना काढलं, कळलं का? कुणीतरी तक्रार केली म्हणे. ते सर्जन पेशंट पाठवेनात, मग मालकाने त्यांना जायला सांगितलं. आता हडपसरला वडिलांच्या घरीच पेशंट बघतात. नालायकच असणार कुणीतरी. तुम्हाला ठाऊक आहे का कोण?”

मी मान हलवली. हो की नाही, ते आजोबांनी ठरवावं अशा बेताने. आजोबांनी नाही असं ठरवलं, आणि त्यांच्या त्या विश्वासाने मला झोप येईना.

शेवटी एका सकाळी चहा घेताना मेधाला सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले, आठवतंय तुला? चल, रिक्षा बोलाव.”

हडपसरच्या जुन्या गावठाणात आण्णांच्या घराला लागून एक खोली आहे. बाहेरच्या बाकावर नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या गुडघे चोळत बसल्या होत्या. आत सुतळीबाई तिसरीला सुतळीच दाखवत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी चालण्याकडे.

“लंगडताय, काका. टाच अजून उचलत नाही.”

“मॅडम, त्या दिवशी मी ढोल वाजवला होता.”

“माहीत आहे. कमरेला दोरीचा वळ होता.”

मेधाने खाली पाहिलं. मी विचारलं, “मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मालकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पेशंट कशाला खोटं बोलेल.” त्या सुतळी गुंडाळत राहिल्या. “तुमच्या बायकोसमोर तुम्हाला उघडं पाडावंसं वाटलं नाही. म्हटलं, आज ना उद्या स्वतःच सांगाल.”

मी तिथेच सर्जनना फोन लावला. काय घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, “त्यांचा नंबर पाठवा मला.” मी पाठवला. बाई म्हणाल्या, “पेशंट पाठवले तर बघू. पण मी आता तिकडं यायची न्हाई. इथं बरी हाय.” त्या भाषेत त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

मेधाने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. ते त्या दोघींचं. मग मी खाटेच्या कडेला बसलो, घसा साफ केला.

“बसून नका बोलू,” बाई म्हणाल्या. “भिंतीला हात लावा. चांगला पाय वर घ्या. आता टाच उचला आणि काय बोलायचं ते बोला.”

बाकावरच्या म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी भिंत धरली. टाच जमिनीला चिकटल्यासारखी होती. पोटरी थरथरली, घाम आला, आणि दोन बोटं मावतील एवढी टाच वर उठली.

“मॅडम,” मी म्हणालो, “माझं चुकलं. तुम्ही ताणलं नव्हतं. तुम्ही नको म्हणत होता तेच मी केलं आणि नाव तुमचं सांगितलं. सगळ्यांसमोर तुम्हाला बोलणी बसली तेव्हा मी उशीत तोंड घालून पडलो होतो. मला माफ करा.”

बोलणं संपेपर्यंत मी टाच खाली टेकवली नाही.