मीटरताई आणि पालिकेची तार

सव्वीस वर्षं ती पालिकेची पाण्याची मीटरं वाचत होती. खांद्याला पिशवी, हातात झाकण उचलायची लोखंडी आकडी आणि नाकावरून घसरणारा चष्मा. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळे तिला मीटरताईच म्हणायचे. प्रश्न विचारायची तिला भारी खोड.

पालिकेनं स्वतःचं वेगवान इंटरनेट घरोघरी न्यायचं ठरवलं, तेव्हा इंजिनीयरबाईंनी तिला बोलावून टेबलावर नकाशा पसरला. जमिनीखालच्या जुन्या, बंद पडलेल्या पाइपांतून तार ओढायची होती.

"हा पाइप असा सरळ जात नाही," मीटरताईनं बोट ठेवलं. "इथं बुजवलेली विहीर आहे. तिला वळसा घालून तो छापखान्याच्या मागून निघतो."

खणून पाहिलं, तर अगदी तसंच. मग रोज सकाळी तासभर ती तार टाकणाऱ्या लोकांबरोबर हिंडू लागली. एकदा इंजिनीयरबाईंनी तिच्या तळहातावर तारेचा तुकडा ठेवला. केसाएवढी बारीक काच. यातून उजेड जातो आणि उजेडातून माहिती, हे ऐकून ती तो तुकडा खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिली.

मीटरताईच्या थोरल्या भावाला मात्र यात काही कौतुक वाटेना. तो शिंपी. तारेसाठी पालिकेनं कर्ज काढलं होतं आणि ते फेडायला सगळ्यांचीच पाणीपट्टी थोडी वाढवली होती.

"मी ते वापरणार नाही, मग मी का भरू?" शिलाई मशीनवरून मान वर न करता त्यानं विचारलं.

"रस्त्यावरच्या दिव्यांचे भरतोसच की, दादा. संध्याकाळनंतर तू कुठं बाहेर पडतोस?"

"दिव्याखालून लोक जातात. या तारेवरून कोण जातं?"

दुसऱ्या दिवशी तिनं तोच प्रश्न इंजिनीयरबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "खाजगी कंपनीची तार हमरस्त्यालाच थांबली. गिरणीमागच्या गल्ल्यांत घरं विरळ, त्यांना परवडत नाही. आपल्याला सगळीकडे जायचंय."

"कर्ज किती वर्षांचं?"

"वीस."

"तेवढं टिकेल सगळं?"

"तार टिकेल. तिच्या टोकाच्या पेट्या सात-आठ वर्षांनी बदलाव्या लागतील."

"मग ते पैसे धरलेत का हिशेबात?"

इंजिनीयरबाईंनी ते टिपून घेतलं आणि पुढच्या बैठकीत पेट्यांसाठी वेगळी तरतूद झाली.

दोन वर्षांत तार गिरणीमागं पोचली. तिथली एक बाई, जी परदेशी पुस्तकांचे अनुवाद करायची, ती आता घरूनच काम पाठवू लागली. भावानं जोडणी शेवटपर्यंत घेतली नाही.

आणि मग मीटरं बोलायला लागली. पालिकेनं नवी मीटरं बसवली आणि तारेवरून आकडे आपोआप कचेरीत यायला लागले. सात मीटरवाचकांपैकी पाच जणांना दुसऱ्या खात्यांत पाठवलं. तिच्या बरोबरीचा एक जण बागखात्यात गेला आणि महिनाभर तिच्याशी बोलला नाही. जिनं तारेला वाट दाखवली, तिच्यावर त्याचा राग. तिलाही ते लागलं. ती स्वतः राहिली ती गळती शोधायला.

कचेरीतल्या संगणकाच्या पडद्यावर एका घरात दुपारभर पाणी वाहताना दिसलं, म्हणून ती तिथं गेली. टाकीचा कॉक खराब होता. म्हाताऱ्या घरमालकांनी आभार मानले आणि मग हळूच विचारलं, "आम्ही आंघोळ कधी करतो, हेही दिसतं का तुम्हाला?"

तिनं खरं तेच सांगितलं. "दिसतं."

परत येऊन तिनं इंजिनीयरबाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं. हे आणखी कोण बघतं? किती दिवस साठवतात? कुणाला विकता येईल का? काहींची उत्तरं बाईंनाही ठाऊक नव्हती. दोघींनी बसून लेखी अर्ज केला. चार महिन्यांनी पालिकेत ठराव झाला: तासातासाचे आकडे आठवड्यानंतर पुसायचे, गळती शोधणाऱ्यांखेरीज ते कुणी पाहायचे नाहीत.

ठरावाची प्रत तिनं त्या म्हाताऱ्यांना स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारलं, "आणि खरंच पुसलंय, हे कोण बघणार?"

"तेच उद्या विचारणार आहे," मीटरताई म्हणाली.