टॅबची अंडी

फेब्रुवारी २०१६, शनिवार, सकाळची शाळा. हजर: मी, मुख्याध्यापक सर, तिसरी-चौथीची अकरा मुलं. येणार: केंद्रप्रमुख, नऊ वाजता, आमचा डिजिटल वर्ग बघायला. गैरहजर: टॅब.

शाळेत टॅब एकच होता. तो गेला म्हणजे डिजिटल गेलं, वर्ग तेवढा उरला.

टॅबवरची सगळी अ‍ॅप्स मी निवडली होती. नियम एकच, फुकट असेल तरच घ्यायचं. मुलांचं लाडकं अ‍ॅप वजाबाकीचं होतं. दहा गणितं बरोबर आली की पडद्यावरची कोंबडी एक अंडं घाले. हातच्याची वजाबाकी दिसली की पोट दुखणारी तिसरीतली एक मुलगी त्या कोंबडीसाठी सुटीतही गणितं करू लागली. तिची एकटीची चौदा अंडी झाली होती.

अडचण मला एकटीलाच ठाऊक होती. अंड्यावर बोट ठेवलं की कुलूप येई. पिल्लं विकतच्या अ‍ॅपमध्ये होती. पण हे सांगितलं असतं तर वर्गातली वजाबाकी त्याच दिवशी बंद पडली असती. म्हणून कुणी विचारलं की मी म्हणायची, "अजून वेळ आहे." मुलांच्या घरी कोंबड्या. वेळ म्हणजे एकवीस दिवस, हे त्यांना पाठ.

प्रार्थना झाल्यावर मी कपाट उघडलं आणि ओरडले, "टॅब कुठे आहे?"

अकरा जणांनी माना खाली घातल्या. चौदा अंडीवाली पुढे आली. कपाटाची किल्ली तिच्याकडेच असे.

"माया घरी हाय जी मॅडम. उबाले ठेवला."

"कशाला ठेवला?"

"उबाले! अंडे थंडे पडून राहिले होते. आमची कोंबडी खुडूक बसली हाय, तिच्याखाली सरकवला."

मुख्याध्यापक सर गोंदियाहून येत, घाबरले की हिंदीत जात. "मॅडम, कोंबडी के नीचे? सरकारी सामान?"

घर शाळेसमोरच होतं. पडवीत टोपलं, टोपल्यात भाताचं तणीस, त्यावर कोंबडी, आणि तिच्या पोटाखालून टॅबचा निळा कोपरा डोकावत होता. मी हात घातला, तिनं टोचलं. सरांनी घातला, त्यांनाही टोचलं. तेवढ्यात मुलीची आई धावत आली.

"नोका उठवू जी! तेरा अंडे हायेत तिच्याखाली, खराब होतीन. खायाले उठन आपल्या मनानं, मंग घ्या."

"कधी उठेल?"

"तिले इचारा."

मग आम्ही वाट पाहत बसलो. सगळा वर्ग टोपल्याभोवती, कोणी बोललं की बाकीचे "शूऽऽ" करत. नऊ वाजता केंद्रप्रमुख रिकाम्या शाळेत डोकावून थेट तिथेच आले. मी सरळ खरं सांगून टाकलं. ते बाजेवर टेकले आणि टोपल्यात वाकून पाहू लागले.

"कवा बसवली?"

"मंगळवारी जी," आई म्हणाली.

"विजेचं काय केलं? कडाडली तर अंडी खराब होतात. लोखंड ठेवलं का टोपल्यात?"

"खिळा ठेवला जी."

"बरं केलं."

डिजिटल वर्गाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

सव्वादहाला कोंबडी उठली, तांदळाच्या कण्यांकडे गेली, आणि मी टॅब ओढला. गरम होता, बॅटरी संपत आली होती. मुलीनं तो अ‍ॅप चालू ठेवूनच आत सरकवला होता. कोंबडीच्या पायांनी सदतीस गणितं सोडवली होती. दोन बरोबर.

"एक अ‍ॅडमिशन बढ़ गया," सर म्हणाले.

केंद्रप्रमुखांनी त्या मुलीला वजाबाकी दिली, त्रेपन्न वजा अठ्ठावीस. तिनं हातचा घेऊन तिथल्या तिथे पंचवीस सांगितले. साहेब खूश झाले. तिनं लगेच टॅब त्यांच्या हातात दिला. "साहेब, पाहा न, पिल्ले कवा निंगतीन?"

त्यांनी अंड्यावर बोट ठेवलं. कुलूप आलं. खालचं इंग्रजी त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी मुलांना सांगितलं, की या अ‍ॅपात पिल्लं निघत नाहीत, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

मुलगी म्हणाली, "त मंग मायाकडून एवढ्या वजाबाक्या काऊन करून घेतल्या जी?"

याचं उत्तर मी गेली पंधरा वर्षं पालकांना देत आले होते. तिला ते ऐकवण्याऐवजी मी टॅबवरची तणसाची काडी झटकली, आणि ती रडू लागली.

रडणं झाल्यावर तिनंच तोड काढली. अ‍ॅपवाल्याला पत्र लिहायचं. सगळ्यांनी मिळून सांगितलं, मी उतरवून घेतलं: एक, चौदा अंडी आमच्या मेहनतीची आहेत. दोन, कुलूप काढा. तीन, तुम्हाला उबवता येत नसतील तर कशी उबवायची ते आमची आई सांगेल. याचं इंग्रजी करून पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

वजाबाकी बंद पडली नाही. ती मुलगी आता पाचवीत, दुसऱ्या गावच्या शाळेत जाते. परवा बाजारात भेटली, हात हलवायच्या आधीच ओरडली, "मॅडम, पत्र धाडलं का जी?"

माझ्या वहीत कामं पूर्ण झाली की मी त्यावर रेघ मारते. त्या पानावर दाखले, पोषण आहाराचा तांदूळ, खिडकीची जाळी, सगळ्यांवर रेघ आहे. 'अंड्यांचं पत्र, इंग्रजीत' यावर नाही. पहिलं वाक्य झालं आहे.