पत्रांची मागची बाजू

कानडी मुलखात, बसवनगुडीत आमची एकच खोली होती. पुढच्या अर्ध्यात बाबांची शिलाई मशीन, मागच्या अर्ध्यात आम्ही सहाजण. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की आई चुलीवरचं भांडं उतरवून बोळात जाऊन उभी राहायची. मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची. दिवाळीला लोकांचे नवे कपडे शिवून होईस्तोवर आमचे राहून जायचे. त्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी अभिमानानं सांगते, लपवायचं कशाला? पण त्याच अभिमानापायी मी एकदा गोपाळअण्णांना तोडून बोलले होते. गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला, “अण्णा गेले,” तेव्हा पहिलं तेच आठवलं...

अण्णा विद्यापीठाच्या ग्रंथालयात अटेंडर होते. झाडलोट, कपाटं उघडणं, चहा आणणं. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या पँटी बाबाच शिवायचे. ग्रंथालयात स्कॅनर आलाय, जुनी मोडी पत्रं कॉम्प्युटरवर घ्यायला मराठी येणारं माणूस हवंय, ही बातमी त्यांनीच दुकानात आणली. “मास्तर, पोरीला धाडा. तिथं कागद उलटा की सुलटा तेच कुणाला कळंना झालंय.” मला काम मिळालं. खरं सांगायचं तर उलटा की सुलटा ते मलाही कळत नव्हतं. मोडी मी कधी वाचलीच नव्हती.

मळक्या कापडात बांधलेली पत्रांची गाठोडी, त्यांना रुमाल म्हणतात, अण्णा एकेक करून टेबलावर आणत. मी पत्र काचेवर पालथं घालायची, झाकण लावायची आणि दिवा या टोकाचा त्या टोकाला जाईपर्यंत थांबायची. एकदा अण्णा म्हणाले, “मगळे, मागची बाजू पण घे की.” मला ‘मुली’ म्हणून हाक मारायची असली की त्यांना कन्नडच सुचायचं. मी म्हटलं, “मागं दोन ओळी खरडल्यात नुसत्या. अण्णा, तुम्ही गाठी सोडा. हे शिकलेल्यांचं काम आहे.” ते “सरी”, म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि पुढची गाठ सोडायला लागले.

चार महिन्यांनी एका दुपारी वीज गेली. अण्णा खिडकीशी एक पत्र पालथं धरून ओठ हलवत होते. मी विचारलं, “काय करताय?”

“वाचतोय. आजोबांनी पाटीवर गिरवून घेतलेलं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“कोण विचारलं?”

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. “हे बघ, पुढं लिहिलंय, आई आजारी आहे, लगोलग ये. आणि मागं ही पैवस्ती, पत्र पावल्याची तारीख. दोन महिन्यांनी पावलंय. आता सांग, मागं काही नाही? तू लिहिलेलं तेवढं घेतलीस गं, पावलेलं राहिलंच की.”

चार महिन्यांत मी एकाही पत्राची मागची बाजू घेतली नव्हती. स्कॅनर मार्चअखेर एका कॉलेजला जाणार होता. एकदा रुमाल तळघरात गेले की पुन्हा कोण सोडणार ते? आणि ग्रंथपाल मॅडमना सांगावं, तर आमच्या घरातली पहिली ऑफिसची नोकरी जाणार. मी म्हटलं, “अण्णा, कुणाला सांगू नका.”

“मी नाही सांगत. तूच सांगणार.”

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “मशीन जायच्या आत पुरं करा. नाहीतर हे अर्धं काम तुमच्या नावावर राहील.”

आम्ही दोघं कामाला भिडलो. अण्णा आपली झाडलोट उरकून यायचे, मऊ ब्रशनं धूळ काढायचे. दिवा सरकेपर्यंत मागच्या ओळी वाचून दाखवायचे, मी उतरून घ्यायची. धुळीनं खोकला उसळायचा. मी म्हणायची, बसा जरा. “स्वल्प थांब, ही बाई काय म्हणते ते संपू दे आधी.” पत्रातली माणसं जणू त्यांच्याच गल्लीतली. वीज गेली की माझी चिडचिड व्हायची, ते हसायचे, “ही पत्रं वीज नसतानाच पावलीत की गं.” त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी माफी कधी मागितली नाही. त्यांनी मागू दिली नाही. तो विषय निघाला की ते पुढचं पत्र उचलायचे...

मग पत्रांची यादी छापायची वेळ आली, तिच्यात मी अण्णांचं नाव घातलं. कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, “अटेंडरचं नाव कुठं घालतात काय?” मी म्हटलं, “मग माझंही काढा. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.” साहेबांनी कागद मॅडमकडे सरकवला. मॅडमनी मजकूर वाचला आणि सही केली.

मशीन जायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचा रुमाल बांधला होता. त्या ग्रंथालयातल्या प्रत्येक मोडी पत्राच्या दोन्ही बाजू आज सीडीवर आहेत. यादीच्या पहिल्या पानावर छापलंय : मोडी वाचन – गोपाळ रंगदळे, अटेंडर.