नकाशातला हिरवा डोंगर

आमची सून रुपाली म्हणजे लय हट्टी बाई. उन्हाळ्यात वन खात्याकडं रोजंदारीवर जाती, वणव्याच्या राखणीला. आभाळातनं उपग्रह आग बघतो नि हिच्या मोबाईलवर लाल टिपका येतो. टिपका आला की ही हातातली भाकरी टाकून पळाली! एकदा अशीच धापा टाकत खालच्या वावरात आली. बघती तर काय, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून मीच राब भाजत होते.

"आत्या, आधी सांगायचं न्हाई व्हय?" माझ्यावरच डाफरली.

मी म्हणलं, "माझ्या वावरात राब भाजायला आता आभाळाला इचारू का?"

पण खरं सांगते, टिपक्याची वाट बघत ती कदी बसली न्हाई. दिवसभर गावामागच्या औंढ्याच्या डोंगरावर फिरायची. कुटं धुराचा वास आला की हिरवी डहाळी मोडायची नि झोडपून झोडपून आग इझवायची. सांजच्याला घरी यायची ती काळीठिक्कर, साडीला भोकं पडलेली. मी रोज बोलायचे, "अगं, डोंगर काय तुझ्या बापानं आंदण दिलाय व्हय?"

पाऊस तोंडावर आला नि साहेबांचा निरोप आला. उपग्रहाच्या नकाशात औंढ्याचा डोंगर कुटंच जळालेला दिसत न्हाई, मंग फुडल्या साली तितं राखणदार कशाला? रुपाली चुलीम्होरं बसून साडीची भोकं शिवत राहिली. मेली एवढी राबली, नि त्याचं हे फळ!

त्याच आठवड्यात पुण्यावनं कोमल नावाची पोरगी आली. साऱ्या जगात कुटं किती रान जळालं, त्याचा धूर किती झाला, हे ती उपग्रहावरनं मोजती म्हणं. मला म्हणाली, "मावशी, आजूबाजूचे सगळे डोंगर नकाशात काळे आहेत, तुमचा तेवढा हिरवा. आमचंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून बघायला आले."

झालं! माझं डोकंच फिरलं. रुपालीचा हात धरून तिच्याम्होरं केला. कोपरापतुर पोळलेला. "आग लागली न्हाई म्हणता? मंग हे काय हाय, सांग!"

कोमलनं तो हात निरखून बघितला. मंग रुपालीसंगं डोंगर चढून गेली. वर ठायी ठायी खळ्याएवढं गवत जळालेलं, त्याच्या फुडं समदं तसंच उभं. "ताई, पेटती आग टिपक्यात दिसते, पण एवढा लहान जळका डाग आमच्या नकाशात येतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही आग मोठी होऊच दिली नाही." नि तितनंच तिनं साहेबांना फोन लावला.

संक्रांत सरली नि रुपालीला परत बोलावणं आलं. ती आपली कोयत्याला धार लावत बसली. मी मात्र आळीत साखर वाटली.

परवा दुपारी चुलीवर कालवण होतं. डोंगराकडनं वास आला. रुपाली पार पलीकडच्या अंगाला गेलती. मी कालवण उतरवलं, पदर खोचला नि डहाळी मोडून पळाले. ती येईपतुर आग इझली होती.

माझं पोळलेलं मनगट तिनं बघितलं नि अशी खेकसली म्हणून सांगू! "आत्या, डोंगर काय तुमच्या बापानं आंदण दिलाय व्हय?"

नि तितंच बसून माझ्या हातावर फुंकर घालाया लागली.