टोबलेलं कातडं

पांढरकवड्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी नवा होतो तेव्हा कुत्री क्वचितच येत. तांड्यावरचा एक म्हातारा आपला पांढरा कुत्रा खांद्यावर टाकून आला, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ट्रकनं त्याच्या उजव्या पुढच्या पायाचं कातडं सोलून काढलं होतं. हाड शाबूत होतं, पण एवढी जखम आपसूक भरत नाही. नवं कातडं बसलं नाही तर पाय कापावा लागेल, असं मी म्हाताऱ्याला स्पष्ट सांगितलं. त्याच्या शेळ्या हाच कुत्रा राखायचा.

कुशीचं कातडं सैल असतं. तिथं खिसा करून पाय आत शिवायचा, दोन आठवड्यांनी कातड्यासकट सोडवायचा. शिकताना हे मी एकदाच पाहिलं होतं आणि करून बघायची मला भारी हौस होती. आठवडाभर म्हातारा कुत्र्याला रोज घरून आणायचा आणि मी जखम धुऊन स्वच्छ करायचो. शस्त्रक्रियेच्या दिवशी कुत्रा टेबलावर घेतला, तर उजव्या कुशीवर तापल्या विळ्याचे तीन ताजे डाग. कातडं वाया गेलेलं.

मी भडकलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, मग बंडी वर करून पोट दाखवलं. बेंबीभोवती जुने डाग होते.

"लंगडत होता म्हणून डागलं, साहेब. मले बी मायनं असंच डागलं होतं. म्हणून तर जगलो."

पोटच्या पोराला करतात तेच त्यानं कुत्र्याला केलं होतं. मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

मग कुत्र्याच्या पाठीवरच्या मोठ्या काळ्या ठिपक्यातून कातड्याचे मसुरीएवढे तुकडे काढले आणि बोटानं एकेक सरकी मातीत खोचून टोबतात तसे जखमेत टोबले. सहाव्या दिवशी पट्टी सोडली. म्हातारा वाकून बघत म्हणाला, चार-पाच जागी उगवलंच नाही, नांग्या पडल्या, भरून घ्या. शेतातल्यासारख्या त्याही भरल्या.

दोनेक महिन्यांनी कुत्रा चारी पायांवर चालत आला. पांढऱ्या पायावर पिकाच्या ओळींसारखे काळ्या केसांचे तास उगवले होते. ओसरीतल्या लोकांना म्हातारा सांगत होता, कातडं साहेबानं लावलं, पण लंगडणं गेलं ते डागण्यानं. सगळे माझ्याकडे बघू लागले. त्याला खोटं पाडायचं तर त्याच्या मायलाही खोटं पाडावं लागलं असतं. मी कुत्र्याचा पाय हातात घेतला आणि काळे तास मोजू लागलो.